कडक इस्त्रीनं मत दिलं नाही

३ जून

मायना काय लिहावा, इथंच माझं घोडं अडलंय. ‘चि. सौ.’ लिहायला गेले आणि पेन उचलून घेतलं. सौ. आता कशी लिहू? नुसतं नाव लिहिलं तर ते आपल्या लाँड्रीच्या पावतीवर लिहिल्यासारखं दिसतं. म्हणून मायनाच गाळला. समजून घे, नाहीतर राग धर. राग धरलास तर निदान तो कळेल तरी.

आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील. मी आमच्या चिरंजीवांची वकिली करायला लिहीत नाहीये. तुमचे कागद झाले, विषय संपला. त्याच्याकडे परत ये असं या पत्रात कुठेही नाही, उगाच शोधू नकोस. माझा प्रश्न वेगळाच आहे. त्या कागदांवर तुमच्या दोघांच्या सह्या होत्या, माझी नव्हती. मला कोणी विचारलंही नाही. मग आता मी तुझी कोण? जाताना तू म्हणालीस, "थोडे दिवस कोणी फोन करू नका, आई." थोडे म्हणजे किती, ते नाही सांगितलंस. वर्ष होऊन गेलं. फोन हातात घेते आणि परत ठेवते. तू नवऱ्यावर रागावून गेलीस की माझ्यावर, एवढंसुद्धा मला माहीत नाही. चिरंजीवांना विचारावं तर ते "आई, सोड ना" म्हणतात आणि खोलीचं दार लावून घेतात.

आता मुद्द्याचं. तुझ्या नणंदेला तुझ्या कुठल्या मैत्रिणीकडून कळलं की तू, रविवारी आपण खेळायचो तसले सोंगांचे खेळ रचायच्या स्पर्धेत उतरली आहेस. मी म्हटलं, कुठला खेळ? ती म्हणाली, ते कोणालाच कळत नाही, तीच तर गंमत आहे. शेवटच्या फेरीत बारा खेळ आहेत आणि एकावरही कर्त्याचं नाव नाही. कोणीही घरी चार माणसं जमवायची, टेबलाशी बसून, एकेक सोंग घेऊन खेळ खेळायचा, काय घडलं ते साइटवर लिहायचं. तसं लिहिलं तरच त्या खेळावर मत देता येतं. लोकांच्या कमेंटा वाचून कर्ते खेळ दुरुस्त करतात आणि मग मतदान. तोवर कर्त्यानं आणि मतदारानं एकमेकांशी बोलायचं नाही. बोलले तर खेळ बाद.

म्हणजे हे पत्र मला आत्ता पाठवता येणार नाही. ठीक आहे. कपाटात कोणी न्यायला न आलेल्या कोटांचा गठ्ठा आहे, त्याच्याखाली ठेवते. तिथं कोणी हात घालत नाही.

ओळखीच्या माणसाच्या खेळाला मत द्यायचं नाही असाही एक नियम आहे म्हणे. पण तुझा खेळ कुठला हेच मला माहीत नाही, तर मी ओळखीची कशी? हे मी ह्यांना सांगितलं तेव्हा ह्यांनी तो नियम मला पुन्हा मोठ्यानं वाचून दाखवला. तुझे सासरे लिफ्ट दुरुस्त करण्यातून निवृत्त झाले, पण नियमांतून काही झाले नाहीत.

साइटवर टोपणनाव घ्यावं लागतं. मी घेतलंय ‘कडक इस्त्री’. हसू नकोस.

१६ जून

सापडला! बाराही खेळ वाचून काढले. ड्रॅगन, भुतं, अंतराळात हरवलेली माणसं, एकात तर सगळ्यांनी मांजर व्हायचं. तुझ्या हाताखाली दोन वर्षं रविवार-रविवार खेळलेय मी, चेटकीण म्हणून नाव काढलंय, त्यामुळे वाचायला त्रास झाला नाही. वीस तोंडांचा फासा बघून आता मला गरगरत नाही.

आठवा खेळ वाचला आणि हातातली कपबशी खाली ठेवली. ‘किल्ल्यांचा जुडगा’. एक मोठं घर. घरात थोरली. सगळ्या किल्ल्या तिच्याकडे. घरातली एक बाई निघून जाणार आहे आणि थोरली तिला एकेक दार अडवते. नियमात सरळ लिहिलंय की थोरलीचं सोंग खेळ चालवणाऱ्या सूत्रधारानं घ्यावं, कारण ती खलनायिका आहे.

मला कळायचं ते कळलं. किल्ल्या माझ्याकडेच असतात. लाँड्रीची, गोदामाची, वाफेच्या यंत्राच्या खोलीची, घराची. चालताना मी वाजते असं तूच म्हणायचीस. तेव्हा मला ते कौतुक वाटायचं!

दिवसभर कशात लक्ष लागलं नाही. एका गिऱ्हाइकाच्या रेशमी ब्लाउजवर जास्त वाफ सोडली. माझ्या हातून असं कधी होत नाही, तुला ठाऊक आहे. एकदा वाटलं, जळो ती स्पर्धा, आपण कशाला जायचं हात दाखवून अवलक्षण करून घ्यायला. मग वाटलं, नाही. तू माझ्याबद्दल काही म्हणत असशील तर मी ते ऐकून घेईन. पण टेबलाशी बसून, नीट, नियमाप्रमाणे. आणि थोरलीचं सोंग मीच घेणार. सूत्रधाराला काय कळतंय!

ह्यांना म्हटलं, "मी याच खेळाला मत देणार." हे म्हणाले, "तो तिचाच आहे अशी तुझी खात्री आहे?" मी म्हटलं, "खात्री आहे." हे म्हणाले, "मग मत देता येणार नाही." मी म्हटलं, "मग नाहीये खात्री!"

२४ जून

काल खेळलो. थोडं सावकाश लिहिते, कारण मला ते पुन्हा एकदा बघायचंय.

चार माणसं लागतात आणि वर सूत्रधार. सूत्रधार झाले खालचे औषधवाले. त्यांचं दुकान रविवारी दुपारी बंद असतं आणि तू गेल्यापासून त्यांचाही रविवार ओस पडला होता, बिचारे बिस्किटांचा पुडा घेऊनच आले. मी थोरली. बाकीची सोंगं चिठ्ठ्या टाकून. हे आणि तुझी नणंद धरून तिघं झालो. चौथं कोणी मिळेना. तिनं एका मैत्रिणीला बोलावलं होतं, तिनं ऐन वेळी टांग मारली. मग तुझी नणंद चिरंजीवांच्या खोलीचं दार वाजवून म्हणाली, "दादा, दोन तास खुर्ची अडवून बस. बोलायची गरज नाही."

आला. का आला कोण जाणे. बसला. चिठ्ठ्या टाकल्या. हे घराचे चौकीदार झाले, तुझी नणंद मधली जाऊ, आणि निघून जाणारी बाई नेमकी त्याच्या वाट्याला आली. मी म्हटलं, आता झालं कल्याण. चिठ्ठ्या परत टाकूया म्हणणार होते, तेवढ्यात औषधवाले म्हणाले, "पडली ती पडली."

पहिला तासभर तो ‘हं’ आणि ‘बरं’ यापलीकडे गेला नाही. मी आपली एकेक दार अडवतेय. स्वयंपाकघराचं, जिन्याचं, मागच्या अंगणाचं. शेवटचं दार आलं. तिथं खेळात नियम आहे की जाणाऱ्या बाईनं थोरलीला जायचं कारण सांगायचं, आणि ते खरं वाटलं तरच थोरलीनं किल्ली द्यायची. मी विचारलं, "का चाललीस?" माझा आवाज थोरलीचा नव्हता गं. माझाच होता.

त्यानं फासा हातात धरला होता. तो ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुमच्यामुळे नाही जात मी. तुम्ही होतात म्हणून इतके दिवस राहिले. रविवारी या टेबलाशी बसायला मिळायचं म्हणून राहिले. ज्याच्यासाठी या घरात आले तो पलीकडच्या खोलीत दार लावून बसतो. मी किती वेळा वाजवायचं?"

औषधवाल्यांच्या तोंडातलं बिस्कीट तोंडातच राहिलं. ह्यांनी उगाच फासा टाकला, काही गरज नसताना.

मी किल्ली दिली. खरंच माझ्या जुडग्यातली काढून दिली, लाँड्रीची. त्यानं ती घेतली आणि म्हणाला, "चहा टाकतो." आणि टाकला. कपही विसळले. जाताना दारातून म्हणाला, "पुढच्या रविवारी आहे का?"

मी आत जाऊन रडून घेतलं. दुःखानं नाही हं. वर्षभर छातीवर कपड्यांचा ओला गठ्ठा ठेवल्यासारखं झालं होतं, तो कोणीतरी उचलला. माझ्यामुळे नाही! आणि बघ, हे मला तू नाही सांगितलंस, त्यानं नाही सांगितलं, ते त्या खेळातल्या बाईनं सांगितलं. पण तो खेळ तूच केलास ना? म्हणजे तूच सांगितलंस. असं मी धरून चालते.

८ जुलै

कडक इस्त्री सध्या फार गाजतेय, अभिमानानं सांगते.

‘किल्ल्यांचा जुडगा’वर मी लिहिलं की थोरलीला खलनायिका म्हणणं चूक आहे. जिच्याकडे सगळ्या किल्ल्या असतात तिला कोणी कधी विचारत नाही, तुला कुठं जायचंय का. तिलाही एकदा घराबाहेर पडायची पाळी द्या, मग बघा खेळ कसा रंगतो. झालं! ‘पाचवा फासा’ नावाचा एक जुना भक्त आहे तिथला, त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हणे, खलनायक हा खलनायकच असतो, नवख्यांनी आधी दहा-वीस खेळ खेळावेत. मी लिहिलं, "दादा, तुमचा शर्ट कोण धुतं ते आधी सांगा, मग आपण खलनायकाचं बघू." लोक तुटून पडले. अर्धे माझ्या बाजूनं, अर्धे त्याच्या. दोन दिवस दुसऱ्या कुठल्या खेळाकडे कोणी बघेना. मग पाचव्या फाशानं स्वतः माझ्या पद्धतीनं खेळून बघितलं आणि लिहिलं, "इस्त्रीबाईंचं बरोबर आहे." माणूस मोठ्या मनाचा निघाला. शर्टाचं मात्र सांगितलं नाही.

नुसतं एकाच खेळावर बोलायला नको, लोक संशय घेतील, म्हणून आणखी एक खेळलो. ‘दोन मजल्यांच्या मध्ये’. चार माणसं लिफ्टमध्ये अडकतात आणि बोलत बसतात. ह्यांनीच निवडला, साहजिक आहे. चिरंजीवही बसले. अगं, काय कंटाळा! दोन तास चार माणसं डब्यात उभी, आणि शेवटी सूत्रधार म्हणतो, वीज आली, दार उघडलं, चला घरी. ही काय गोष्ट झाली? मी सडकून लिहिलं. म्हटलं, "दार आपोआप उघडतं हे या खेळाचं पहिलं खोटं. आणि दुसरं, बाहेर कोणीच कसं नाही? माझ्या ओळखीचे एक लिफ्टवाले आहेत. ते सांगतात की माणसं अडकली की आधी यंत्राला हात लावायचा नाही. आधी बाहेरून आवाज द्यायचा. मी इथं आहे, दारापासून लांब व्हा, खाली बसा. माणसं घाबरली की दार ओढतात आणि तिथंच घात होतो. म्हणून लिफ्टवाल्यानं हातानं काम करताना तोंड बंद ठेवायचं नाही. तुमच्या खेळात सगळे आत आहेत. एकाला बाहेर बसवा."

लोकांना आवडलं. ह्यांना वाचून दाखवलं तर हे उठलेच. चहा अर्धा टाकून गच्चीत जाऊन उभे राहिले. मला वाटलं, यांच्या धंद्यातलं मी चारचौघांत सांगितलं म्हणून रुसले. रुसू देत.

२९ जुलै

मी मूर्ख आहे. शंभर नंबरी, कडक इस्त्रीची मूर्ख.

काल दुरुस्त केलेले खेळ साइटवर आले. मी आधी जुडगा वाचला. थोरलीला पाळी दिली होती, छान झालं होतं, मी मनात म्हटलं, शाब्बास पोरी. मग सहज तो लिफ्टचा उघडला. त्यात आता पाचवा खेळाडू आहे. तो टेबलाशी बसत नाही. पलीकडच्या खोलीत बसतो आणि दाराआडून बोलतो. त्याच्यासाठी नियम लिहिलेत: आत कोण आहे हे त्याला माहीत नाही, त्यानं फक्त बोलत राहायचं. आतली माणसं उत्तर देवोत न देवोत, थांबायचं नाही. आणि त्यानं आतल्या प्रत्येकाला एक प्रश्न विचारायचा: "आज घरी जेवायला काय आहे?"

मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं.

हे मी कमेंटमध्ये लिहिलं नव्हतं. हा ह्यांचा स्वतःचा तोडगा. माणूस अडकलं की हे बाहेरून विचारायचे, आज घरी काय केलंय जेवायला? म्हणजे माणसाचं डोकं घरी जातं आणि हात दारावरून निघतो. हे कुठल्या पुस्तकात नाही. ह्यांनी हे आपल्या टेबलाशी सांगितलं होतं आणि तू पोट धरून हसली होतीस. औषधवाले त्या दिवशी आले नव्हते. म्हणजे हे फक्त आपल्या घराला माहीत.

मी ह्यांच्यासमोर फोन धरला. म्हटलं, "हा तिचा आहे." हे म्हणाले, "हो." म्हटलं, "तुम्हाला कधी कळलं?" म्हणाले, "पहिल्यांदा वाचला तेव्हाच. दार बंद झालंय असं लिफ्टला वाटत नाही तोवर ती हलत नाही, हे तिला मीच काड्यापेटी घेऊन समजावलं होतं. तसंच्या तसं लिहिलंय." मी म्हटलं, "अहो, मग मला सांगायचं नाही का? मी त्या पोरीच्या खेळाची चारचौघांत सालं काढली!" तर हे काय म्हणाले माहीत आहे? "सांगितलं असतं तर तू खरं लिहिलं असतंस का? आणि तू खरं लिहिलं नसतंस तर तिनं मला बाहेर बसवलं असतं का?"

मी फोन पालथा ठेवला.

मग जुडगा कोणाचा? देव जाणे. कोणाच्या तरी खेळात मी माझं वर्षभराचं रडून घेतलं, एवढं खरं.

आता पुढची अडचण ऐक. मी या भानगडीत पडले ती तुला मत द्यायला. आणि आता तुझा खेळ कुठला ते कळलं, तर मत देता येत नाही. नियम चोख आहे: ओळखलं असेल तर मत न देता तसं कळवायचं आणि कर्ता आपला कोण ते नातं लिहायचं. मी म्हटलं, कोणाला कळतंय? हे म्हणाले, "मला कळतंय." आणि स्वतःचं कळवूनही टाकलं. नातं विचारलं तिथं ह्यांनी एका बोटानं टिपलं: सून. जराही थांबले नाहीत. तुझ्या नणंदेनंही लिहिलं: वहिनी.

मी दुकानात जाऊन बसले. गिऱ्हाईक नव्हतं. फोनवर ती रिकामी चौकट उघडली. नातं. ‘सून’ लिहिलं, पुसलं. ‘मुलाची पूर्वीची बायको’ लिहिलं, वाचलं आणि माझा मलाच राग आला. ती काय माझी ओळख आहे तुझ्याशी? ‘ओळखीची’ लिहिलं. ओळखीची तर दूधवाली पण आहे.

शेवटी ‘सून’च लिहिलं आणि डोळे मिटून पाठवून दिलं.

७ ऑगस्ट

मतदान संपलं. आता एक नवीच भानगड झालीय, ती सांगते.

ज्यांनी ओळखीमुळे मत दिलं नाही त्यांची टोपणनावं आणि नाती आज साइटवर सगळ्यांना दिसायला लागली. तुझ्या खेळाखाली तिघांची आहेत. ते ठीक होतं. पण खाली बारीक अक्षरात लिहिलंय की निकालापर्यंत कर्त्यानं प्रत्येक नात्यापुढे ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ असं दाबायचं. लोक म्हणे मोठेपणासाठी कोणाचीही काका-मावशी होतात, म्हणून ही सोय. ‘चूक’ दाबलं की नाव खोडतात आणि ते खोडलेलं तसंच दिसत राहतं.

हे मला आधी माहीत असतं तर मी ‘ओळखीची’च लिहिलं असतं.

म्हणजे आता तू हे वाचशील, किंवा वाचलंही असशील. कडक इस्त्री, नातं: सून. आणि तुला उत्तर द्यावंच लागणार. मी तुला कधी विचारायचं धाडस केलं नाही, आणि विचारलं तर असं, सगळ्या गावासमोर! तू ‘चूक’ दाबलंस तरी मी तुला दोष देणार नाही. कागदानं बघायला गेलं तर ते चूकच आहे. तू सरळ मुलगी आहेस, नियमाला धरून चालणारी, म्हणून तर ह्यांची लाडकी. तेच तर भय आहे.

सकाळपासून किती वेळा बघितलं असेल. हे म्हणतात, "फोन ठेव, त्याला वाफ लागेल." चिरंजीवांनी जेवताना विचारलं, "आलं का काही?" म्हणजे त्यालाही माहीत आहे. तोही तुझा खेळ खेळला होता, म्हणजे मत तरी द्यायचं नाहीतर नातं तरी लिहायचं. पण त्यानं काहीच केलं नाही, मतही नाही, नातंही नाही. मी विचारलं, का रे? म्हणाला, "मी काय लिहू, आई? माझं खरंच काही उरलं नाही. तुमचं बघा." प्रामाणिकपणे म्हणाला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. बऱ्याच दिवसांनी फिरवू दिला.

१२ ऑगस्ट

चि. सूनबाईस,

अनेक आशीर्वाद. बघ, मायना आला.

सकाळी वाफेचं यंत्र तापत ठेवलं होतं आणि मी कॉलर घासत होते, हात साबणानं भरलेले. ह्यांनी फोन आणून माझ्या नाकासमोर धरला. एवढ्या जवळ धरला की काही दिसेना. म्हटलं, लांब धरा हो! लांब धरला.

सासऱ्यांपुढे: बरोबर. नणंदेपुढे: बरोबर. कडक इस्त्रीपुढे: बरोबर.

आणि त्याखाली, कर्त्याला काही म्हणायचं असल्यास जी जागा असते तिथं तू लिहिलं होतंस: "तिन्ही माणसं माझी आहेत. लिफ्टवाले बाबा ओळखीचे नाहीत, घरचे आहेत. इस्त्रीबाईंना मी पहिल्याच कमेंटला ओळखलं होतं. त्या बोलत होत्या म्हणून खेळ पुरा झाला."

साबणाच्या हातानंच डोळे पुसले, ते झोंबले, आणखी पाणी आलं. एक गिऱ्हाईक पावती घेऊन उभं होतं, ते घाबरून म्हणालं, "मावशी, उद्या येऊ का?" मी म्हटलं, "नाही नाही, आजच न्या, आज सगळं न्या!" आणि त्याला इस्त्रीचे पैसेच लावले नाहीत. माझ्याकडून असं पहिल्यांदाच झालं असेल. हे दाराशी उभे राहून, उगाच, दुकानाच्या कडीकोयंड्याला तेल घालत होते. काय जिवात जीव आला म्हणून सांगू!

निकाल तुला माहीतच आहे. तू तिसरी आलीस. पहिला आला ‘किल्ल्यांचा जुडगा’. आणि तो केला कोणी? एका दातांच्या डॉक्टरनं! बाप्यानं! लग्नसुद्धा झालेलं नाही त्याचं! त्यानं लिहिलंय की किल्ल्यांची कल्पना त्याला दवाखान्याचं कपाट उघडेना तेव्हा सुचली. आणि वर इस्त्रीबाईंचे विशेष आभार, त्यांच्यामुळे खेळ लोकांपर्यंत गेला. म्हणजे मी महिनाभर घसा कोरडा करून परक्याच्या खेळाला पहिलं आणलं आणि घरच्या पोरीला तिसरं. माझ्यासारखी मीच! औषधवाले एकटे शहाणे. तुझा खेळ कुठला हे त्यांना माहीतही नव्हतं, आवडला म्हणून तुझ्याच खेळाला मत देऊन मोकळे झाले.

आता बोलायला बंदी नाही, म्हणून ही सगळी पत्रं एकदम पाठवतेय. तारखेप्रमाणे लावली आहेत. पहिल्यात मी विचारलंय की मी तुझी कोण. ते वाच आणि सोडून दे, उत्तर मिळालं.

फोन मात्र मी करणार नाही. ते "थोडे दिवस" तुझे आहेत, संपले की तूच कर.

एकच सांगते. रविवारी आम्ही पुन्हा ‘दोन मजल्यांच्या मध्ये’ मांडतोय, नव्या नियमांनी. हे, तुझी नणंद, औषधवाले आणि मी. चिरंजीवांनी त्या दिवशी बाहेरचं काम काढलंय, स्वतःहून, आणि मला सांगितलं की तिला कळव, मी नसेन. फासे तुझेच आहेत, त्याच निळ्या पिशवीत, मी पिशवी धुऊन इस्त्री करून ठेवली आहे. सगळे म्हणतायत की बाहेर बसायला कडक इस्त्रीच हवी, तिचं तोंड थकत नाही.

पण मी नाही बसणार. जूनपासून मीच दाराबाहेर बसून बोलतेय. या खेपेला तू बाहेर बस आणि मला विचार, आज घरी जेवायला काय आहे. मला एकदा आतून ऐकायचंय.

तुझी
सासू